खुंटीची कावीळ

रविवारी सकाळी आठ वाजता रामहरीबाबाच्या पत्र्याच्या शेडपुढं दीड-दोनशे माणसं उभी होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर काड्यांचे मुकुट होते. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की गावात नाटकाची तालीम चालली आहे आणि सगळ्यांनाच राजाचं काम मिळालं आहे. जवळ गेलं की मुकुटांखालचे पिवळे डोळे दिसत.

ती काविळीची माळ. रामहरीबाबा ओल्या हिरव्या काड्या दोऱ्यात गुंफून तिचं कडं करी आणि रोग्याच्या डोक्यावर बसवी. पहिल्या दिवशी ती कपाळाच्या खाली येत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप गळ्यात उतरे, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत. दोरा तोच, काड्या तेवढ्याच, हात कुणी लावलेला नाही, आणि माळ मात्र रोज वाढते. बेंबीला लागली की कावीळ उतरली.

"माझ्या वाल्मिकची माळ चार दिसांत खाली आली," भागूबाई रांगेत सगळ्यांना सांगत होत्या. "डोळ्यांनी बघितलंय मी. रोज सकाळी बघायचे."

बाबा पूर्वी नागापूरला एमआयडीसीत कामाला होता. तिथून त्यानं दोन-तीन शब्द आणले होते आणि ते तो अंगाऱ्यासारखे जपून वापरी. "काविळीचं इख काडीत उतरतं. काडी इख पिती, म्हणून माळ लांब व्हती. ही प्रोसेस हाय. ह्यात क्वालिटीला तडजोड न्हाई." त्याच्या उजव्या हाताला नाथांची तसबीर होती, डाव्या हाताला पीराची हिरवी चादर. तो स्वतः पैशाला शिवत नसे. शेजारी दानपेटी होती, ती शिवत असे. आणि मागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती : 'डॉक्टरी औषधे बंद करू नयेत.'

या पाटीनं मी जिंकला गेलो होतो.

मी राधाकृष्ण, सावरदऱ्याच्या माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवतो. आमचं गाव जामखेडपासून बारा किलोमीटरवर, कोरड्या रानात. गावात माझी ख्याती समंजस माणूस म्हणून. मी कुणाच्या अंगात आलेलं मानत नाही, पण यात्रेच्या समितीत असतो. विज्ञानदिनाला माझं भाषण ठरलेलं : श्रद्धा असावी, अंधश्रद्धा नसावी. टाळ्या पडत. दोहोंमधली रेघ कुठं ओढायची, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं तर ती रेघ मी सोयीनं ओढत होतो. लांबच्या गावातला बाबा रेघेच्या पलीकडं पडे, आमच्या गावातला अलीकडं.

त्या मे महिन्यात गावात कावीळ पसरली. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येई. घरटी एक तरी पिवळा. माझी मुलगी सुकन्या तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आठवा महिना लागायचा होता. एका सकाळी चहा घेताना तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मला चहाचा वास सहन होईना." मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि माझाही चहा तसाच राहिला.

आरोग्य केंद्रात तेव्हा उझ्मा डॉक्टर होती. माझीच विद्यार्थिनी. तिनं रक्त घेतलं, जामखेडला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवलं.

"सर, ही दूषित पाण्यातून येणारी कावीळ आहे. आपल्यासारख्यांना झाली तर बहुतेक जण महिन्या-दीड महिन्यात आपोआप बरे होतात. पण दिवस गेलेल्या बाईला ती वाईट धरते. एकाएकी यकृत बसू शकतं."

"औषध काय?" माझी बायको रोहिणी म्हणाली.

"या काविळीला रामबाण औषध नाही, काकू. विश्रांती, उकळलेलं पाणी आणि नजर ठेवणं. दर तिसऱ्या दिवशी रक्त तपासून काविळीचा आकडा बघायचा. फार झोपायला लागली, उलट्या वाढल्या, बोलणं भलतंच वाटलं, तर मला विचारायलाही थांबायचं नाही, सरळ नगर गाठायचं."

रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या मनात काय आहे हे मला माहीत होतं. ते मीच बोलून टाकलं. "उझ्मा, रामहरीची माळ घातली तर? तुझं सगळं चालू ठेवून. नुकसान काय?"

उझ्मानं पेनाचं टोपण लावलं. "माळेनं नुकसान नाही होणार, सर. पण तुम्ही माळेकडं बघाल आणि पोरीकडं बघणार नाही."

मला ते थोडं लागलं. तरुण माणसं टोकाचं बोलतात, असं मनाशी म्हणून मी सोडून दिलं.

माळ घातली. काय सांगू, पहिल्या दोन दिवसांत मी स्वतः चकित झालो. सकाळी उठलो की आधी सुकन्येच्या खोलीत. माळ कपाळावरून उतरून गळ्यात आली होती. रोहिणीनं मोजायला घरातली शिवणाची टेप आणली. चार बोटं वाढली. मग वीतभर. घरात एवढा आनंद होता, की सुकन्येनं सकाळपासून काही खाल्लं नाही हे दुपारी लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी रक्त तपासायला न्यायचं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. माळ छातीवर आली होती. "आकडा उतरलाच असेल," मी म्हणालो, "उद्या नेऊ." हे कुणी अडाणी माणूस बोलला नाही. सत्तावीस वर्षं थर्मामीटर कसा वाचायचा हे शिकवणारा माणूस बोलला.

उद्याचा परवा झाला. पाचव्या दिवशी सकाळी माळ बेंबीला लागली. रोहिणी देवापुढं साखर ठेवून आली. सुकन्या अजून झोपलेली होती. हलवून उठवलं तेव्हा तिनं आईकडं पाहिलं आणि विचारलं, "मावशी, माझी परीक्षा किती वाजता आहे?"

तिची परीक्षा पाच वर्षांपूर्वी झाली होती आणि तिला मावशी नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीतून नगर गाठायला दोन तास लागले. त्या दोन तासांत सुकन्या तीनदा बोलली आणि तिन्ही वेळा आमच्याशी नाही. दवाखान्यातल्या नर्सनं कपडे बदलताना माळ कात्रीनं कापली आणि माझ्या हातात दिली. मी ती खिशात घातली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

नऊ दिवस. तिसऱ्या दिवशी बाळ काढावं लागलं, मुलगी, दीड किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवली. सुकन्या नवव्या दिवशी शुद्धीवर आली आणि तिनं मला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. ते सहज म्हणाले. मी मात्र तो हिशेब करत राहिलो : तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं असतं तर दोन दिवस आधी आलो असतो.

दोघी वाचल्या. महिन्याभरानं आम्ही गावात परतलो, तेव्हा पावसाचा पत्ता नव्हता आणि रामहरीबाबाची रांग दुप्पट झाली होती.

कारण मी होतो. शेडबाहेर नवा फलक लागला होता. त्यावर माझं नाव नव्हतं, पण 'येथील विज्ञान शिक्षकांच्या कन्येस गुण आला' असं होतं, आणि सावरदऱ्यात विज्ञान शिक्षक एकच.

मी बाबाला गाठलं. तो माळ गुंफत होता. बोलणं मात्र अतिशय नम्र.

"सर, मी कुठं म्हणतो डॉक्टरांनी काही केलं न्हाई? तुमी गोळ्या-इंजेक्शनं दिली, मी माळ दिली. गुण कुणाचा, ते नाथ जाणे, पीर जाणे. आपुन दोन्हीला मान देणारी मानसं."

"ती मरता मरता वाचली, रामहरी."

"वाचली ना? आन माळ बेंबीला लागली हुती, ह्ये खरं का न्हाई?"

ते खरं होतं. दोन्हीला मान देणारी माणसं, हे वाक्य माझंच होतं. त्यानं फक्त धुऊन वापरलं होतं. बाहेर आलो तर रांगेत गनीभाई शिंप्यांची सून जरीना उभी. पाचवा महिना. डोळ्यांत हळद.

"जरीना, उझ्माकडं गेली होतीस?"

"जायचंय, सर. पहिलं माळ घेते. तुमी बी घातली हुती ना ताईला?"

मी तिला तिथून ओढून आरोग्य केंद्रात नेलं नाही. लोकांसमोर तमाशा होईल, असं वाटलं. समंजसपणा एकदा अंगात मुरला की लवकर जात नाही. मी गनीभाईंच्या दुकानात गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. दवाखान्यात एका नातेवाइकाशीही न बोललेलं, तिसऱ्या दिवशीच्या रक्ताचं, तेही सांगितलं. त्यांनी मशीनवरचा पाय काढला, दुकान तसंच उघडं टाकलं आणि सुनेला घेऊन उझ्माकडं गेले. माळ मात्र तिच्या डोक्यावर होती. ती काढा म्हणायचं धाडस मला झालं नाही आणि त्यांनाही झालं नाही.

संध्याकाळी उझ्मा घरी आली. सुकन्येला तपासलं, बाळाला बोट धरू दिलं आणि मग मला म्हणाली, "सर, एक विचारू? माळ वाढते हे सगळ्या गावानं पाहिलंय. ज्याला कावीळ नाही त्याच्या गळ्यात वाढते का, हे कुणी पाहिलंय?"

मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"नववीत तुम्ही दोन कुंड्या आणल्या होत्या. एक उजेडात ठेवली, एक कपाटात. मी विचारलं होतं, कपाटातली कशाला, रोप मरेल. तुम्ही म्हणालात, ती नसेल तर उजेडानं काय केलं हे कळणारच नाही."

सत्तावीस वर्षं मी कुंड्या मांडत आलो होतो. सगळ्या शाळेत मांडल्या, घरात एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबाकडून दोन माळा आणल्या. घरी दोन पेशंट आहेत, त्यांना उठून येता येत नाही, माप माझ्या डोक्याएवढं, असं सांगितलं. खोटं बोललो. त्यानं दोन्ही माळा माझ्या डोक्यावर बसवून पाहिल्या, मंत्र म्हटला आणि दिल्या. एक मी पडवीतल्या खुंटीला टांगली, जिथं दिवसभर गरम वारा लागतो. दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवली आणि फडकं वाळू दिलं नाही.

सहाव्या दिवशी खुंटीवरची माळ जमिनीकडं हातभर लोंबत होती. माठाखालची जशीच्या तशी. डोक्यावर ठेवली तर कपाळालाच अडली. मला मग आणखी एक गोष्ट आठवली. पावसाळ्यात माळ उतरायला पंधरा-पंधरा दिवस लागत आणि उन्हाळ्यात चार. बाबा सांगायचा, उन्हाळ्यात नाथांचा जोर जास्त असतो.

रविवारी दोन्ही माळा घेऊन मी शेडवर गेलो. उझ्मा आली, गनीभाई आले. रांग नेहमीसारखी. मी बाबाच्या समोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. वर्गात बोलतो तसा आवाज काढायला मला फार वेळ लागला.

"या दोन्ही माळा रामहरीच्या हातच्या. ही मी माझ्या घरच्या खुंटीला घातली होती. खुंटी बरी झाली आहे."

काही लोक हसले. बाबा हसला नाही, पण डगमगलाही नाही. त्यानं डोळे मिटले आणि उघडले.

"सर, तुमच्या घरात काविळीचा पेशंट हुता का न्हाई? मग ती कावीळ भिंतीत ऱ्हाती. माळेनं भिंतीतली वढून घेतली. तुमचं घर शुद्ध झालं. नारळ आना."

लोकांनी माना डोलावल्या. मला त्याचं कौतुक वाटलं. असा हजरजबाबी विद्यार्थी माझ्या हाताखाली आला असता तर मी त्याला वादविवाद स्पर्धेला पाठवलं असतं.

"बरं. मग ही दुसरी," मी म्हणालो. "त्याच घरातली, त्याच भिंतीजवळची. ओल्या फडक्यात होती. ही का वाढली नाही?"

"वलाव्यानं मंत्र थंड पडतो."

"म्हणजे वाढली तर माळ खरी. नाही वाढली तरी माळ खरी. रोगी जगला तर माळेनं. मेला तर?"

"त्याचं प्रारब्ध. न्हाईतर डॉक्टरचं चुकलं आसंल."

"रामहरी, मला एवढंच सांग. काय घडलं तर तू म्हणशील की माझी माळ खोटी?"

त्याला हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. "आसं काई घडनारच न्हाई," तो म्हणाला.

मी उझ्माकडं वळलो. तिच्याशी आधी काहीच ठरलेलं नव्हतं. "डॉक्टर, जरीनाबद्दल तुम्ही काय सांगितलंय, आणि काय घडलं तर तुमचं चुकलं?"

"मी म्हटलंय, तिचा आकडा गुरुवारी खाली येईल," ती म्हणाली. "वर गेला तर माझं चुकलं. मग मी तिला माझ्याकडं ठेवणार नाही, नगरला पाठवणार."

मागून एकजण बोलला, "बाईंचा आपल्या नाथांवर विश्वास न्हाई, म्हनून चाललंय हे."

गनीभाई त्याच्याकडं वळले. "आन माझा पीरावर न्हाई का? ती चादर मीच शिवून दिल्याली हाय." मग त्यांनी माझ्या हातातली वाळलेली माळ घेतली, चष्मा कपाळावरून खाली केला आणि दोरा नखानं उचकला. शिंप्याचे हात. एक काडी त्यांनी बाजूला सरकवली, ओल्या माळेतली एक काडी तिच्याशेजारी धरली.

"ह्यो सरकफासा हाय," ते म्हणाले. "हे बघा. दोऱ्याचा येढा काडीभवती घट्ट मारल्याला. वली काडी जाड, म्हनून दोरा तिच्याभवतीच गुतून ऱ्हातो. काडी वाळली, बारीक झाली, की येढा सैल, आन गुतल्याला दोरा मोकळा व्हऊन दोन काड्यांच्या मधी सरकतो. अशा साठ-सत्तर काड्या. परत्येकीनं थोडा थोडा सोडला, की माळ बेंबीला." त्यांनी माळ बाबाच्या पुढ्यात ठेवली. "काम लई सफाईचं हाय, रामहरी. शिवनकामात आला असतास तर नाव काढलं असतंस."

लोक पुढं सरकले. ज्यांच्या डोक्यावर माळा होत्या त्यांनी त्या काढून स्वतः उचकायला सुरुवात केली. भागूबाईंनी वाल्मिकची जुनी माळ घरून आणवली आणि एक-एक काडी ओढून पाहिली. त्या रागावल्या नाहीत. त्या थोड्या ओशाळल्या आणि मला म्हणाल्या, "मग माझा वाल्मिक कशानं बरा झाला, मास्तर?"

"त्याच्या स्वतःच्या शरीरानं," उझ्मा म्हणाली. "शंभरातले नव्याण्णव असेच बरे होतात, आजी. म्हणून तर त्या शंभरांत काहीही घाला, गुण येतो. प्रश्न शंभराव्याचा असतो."

सगळा गाव त्या दिवशी शहाणा झाला असं मी सांगणार नाही. शेड अजून आहे. बाबा आता काविळीचं काही बोलत नाही. दृष्ट आणि सांधेदुखी पाहतो. फलक मात्र त्यानं उतरवला. जरीनाचा आकडा गुरुवारी खाली आला, आणि नसता आला तर गनीभाईंनी गाडी सांगून ठेवली होती. पुढच्या आठवड्यात उझ्मानं ग्रामपंचायतीला पाण्याचा तपासणी अहवाल दाखवला. शाळेमागं गटाराच्या कडेनं जाणारी पाइपलाइन उकरली, तर सांध्यातून पाणी झिरपत होतं. नळ बंद झाला की तिथूनच गटार आत ओढलं जायचं. दोन महिने गाव गटार पीत होतं आणि गळ्यातल्या माळा मोजत होतं.

एका दुपारी आरोग्य केंद्रात कुणी नव्हतं. मी उझ्माला विचारलं, जे मला बरेच दिवस विचारायचं होतं. "तू रोजे ठेवतेस. नमाज पढतेस. मग तुझं-माझं काय वेगळं? मीही देवाला मानत होतो आणि औषधही घेत होतो."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं थोडा विचार केला.

"रोज्यानं माझं मन ठिकाणावर राहतं, सर. उद्या मी म्हटलं की रोज्यानं कावीळ उतरते, तर मलाही खुंटीला टांगा. देवावर विश्वास आहे म्हणून मला रक्त तपासण्यात सूट मिळत नाही. तुम्ही ती सूट घेतलीत."

अजूनही पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. तिचा देवावरचा विश्वास आणि तिचं तपासणं, हे दोन्ही एका माणसात कसं नांदतं, हे मला नीट समजत नाही. कदाचित तिलाही समजत नसेल. पण नांदतं हे मी पाहिलं आहे. आणि माझ्यात नांदत नव्हतं, हेही पाहिलं आहे. मी दोन्ही बाजूंचा मान राखत होतो आणि त्याला विचार म्हणत होतो.

या वर्षीच्या विज्ञानदिनाला मी जुनं भाषण केलं नाही. मुलांना म्हणालो : भांडण असेल तर मधला रस्ता काढा, तो चांगला. पण एकजण म्हणाला दोन आणि दोन चार, दुसरा म्हणाला सहा, तर मधे पडून पाच म्हणणाऱ्याला समंजस समजू नका. तो सहावाल्यापेक्षा धोक्याचा, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. देवाला हात जोडायचे असतील तर जोडा, तो तुमचा आणि त्याचा प्रश्न. पण जो कुणी सांगेल की अमुक केल्यानं रोग जातो, पाऊस पडतो, पास होता येतं, मग तो बाबा असो, डॉक्टर असो की तुमचा मास्तर, त्याला विचारा : काय घडलं तर तुम्ही चुकलात असं मानाल? उत्तर आलं तर ते वहीत लिहून घ्या आणि त्या दिवसाची वाट पाहा. उत्तर आलं नाही तर तिथं थांबू नका.

टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, आणि तुमचं हे सांगणं काय घडलं तर चुकीचं ठरेल?"

मी तिला म्हणालो, उद्या उत्तर घेऊन येतो.